हार्नेस हवाच, पण दोरीची लांबी मोजा

हार्नेस, म्हणजे दोरीने अडकवायचा अंगावरचा सुरक्षा पट्टा, सक्तीचा केला की मालाच्या कंटेनरच्या छतावरून पडण्याचा प्रश्न मिटला, असं म्हणतात; ते अर्धंच पटतं. जमिनीवर ठेवलेला हायक्यूब, म्हणजे जास्त उंचीचा कंटेनर साडेनऊ फूट, म्हणजे २.९ मीटर उंच. शॉक अ‍ॅब्सॉर्बरवाली (पडताना उलगडून झटका कमी करणारी पट्टी असलेली) हार्नेसची नेहमीची दोरी सुमारे १.८ मीटर. ती पायाशी अडकवली, तर अ‍ॅब्सॉर्बर पूर्ण उलगडण्याआधीच माणूस जमिनीवर आदळतो. एकतर डोक्यावरच्या भक्कम बीमला आपोआप दोरी ओढून घेणारा ब्लॉक लावा, नाहीतर दोरी इतकी आखूड ठेवा की माणूस कडेपर्यंत पोचूच नये.

त्याहून बरं म्हणजे चढायचंच नाही. आमच्या जळगावकडे कापसाच्या गाठी भरण्याआधी छत गळकं आहे का बघायला पोरं शिडी लावून वर जातात, तेही सकाळच्या दवाने निसरड्या झालेल्या पत्र्यावर. बघून पोटात गोळा येतो. अरे, दिवसाउजेडी एकाने आत उभं राहायचं आणि दुसऱ्याने बाहेरून दार लावायचं. भोक असेल तिथून उजेड दिसतोच. फक्त बाहेरच्याने दार सोडून कुठेही जायचं नाही. रावेर-सावद्याच्या केळीच्या रेफरला, म्हणजे थंड ठेवणाऱ्या कंटेनरला मात्र ही युक्ती चालत नाही, त्याच्या छतात इन्सुलेशन असतं.