लंचच्या रांगेत फिनिश भाषेचा सराव? आवरा!

काल्लिओकर: कालच्या पोस्टमध्ये एकाने सल्ला ठोकलाय: "हेलसिंकीत जेवायला गेलात की तोंडातून फक्त फिनिश. समोरचा इंग्रजीवर आला तरी हटायचं नाही." डोकं फिरलं, म्हणून सविस्तर लिहितोय. कामाच्या दिवशी साडेअकरा ते साडेबारा ही लोउनासची, म्हणजे दुपारच्या जेवणाची, ऐन गर्दी. मागच्या माणसाला अर्ध्या तासात जेवून कामावर परतायचंय. गल्ल्यावरचा व्यवहार केवढा? 'ओतान लोउनान' (लंच घेतो), कार्ड टेकवा, पावतीला हो किंवा नाही, ट्रे उचला. तिथे विभक्ती जुळवत बसलात की रांग दाराबाहेर. हौस असेल तर दुपारी दोननंतर कॅफेत जा. आणि जेवल्यावर ट्रे स्वतः नेऊन ठेवा: उष्टं कचऱ्यात, ताट, पेला, काटे-चमचे आपापल्या जागी. त्याला फिनिश लागत नाही, तरी टेबलावर तसाच टाकून जाणारे दिसतातच!

एस्पोची_सून: मग बोलायचं कुठे? बसमध्ये शेजारी कुणी बसत नाही, ऑफिस सगळं इंग्रजीत. गल्ल्यावरची बाई ही एकमेव फिन, जी पगार घेऊन का होईना, तुमच्याशी बोलते. नागरिकत्वाला यूकी या भाषा-परीक्षेची तिसरी पातळी लागते, ती ॲपवर बोटं फिरवून मिळत नाही. आणि रांग थांबते ती फिनिशमुळे नाही, तयारी उलटी केल्यामुळे. लोक स्वतःचं वाक्य घोकून जातात. समोरून 'तुलेको मूता?' (आणखी काही?) आलं की चेहरा कोरा, आणि तो बघूनच ती इंग्रजीवर येते. घोकायचं ते उत्तर: 'एइ मूता, कीतोस', म्हणजे आणखी काही नको, धन्यवाद. 'तॅल्लॅ वाइ मुकान?' म्हणजे इथेच की पार्सल. दोहोंतला एक शब्द परत फेका, झालं.

तुर्कूवाला: ॲपवाल्यांनीच वाट लावलीये. जादूगारांची वाक्यं शिकवतात, तीही पुस्तकी. तुम्ही 'मिनॅ' (मी) आणि 'काक्सी' (दोन) शिकून जाता, गल्ल्यावर येतं 'मॅ' आणि 'काक्स'. रक्कम तर कुणालाच ऐकू येत नाही. मशीनवर आकडा दिसतो की, कान कशाला ताणताय!

शाकाहारी_पुणेकर: रांग वगैरे ठीक आहे, पण गुरुवारी काय करायचं? गुरुवार म्हणजे हेर्नेकेइत्तो आणि गोडाला पान्नुकाक्कु, म्हणजे ओव्हनमधला पॅनकेक. नाव वाटाण्याच्या सूपचं, आत डुकराचं मांस. तेव्हा विचारायलाच लागतं.

काल्लिओकर: बघा, रांग अडवणारे हेच! आठवड्याचा मेनू रेस्टॉरंटच्या साइटवर आधीच असतो. घरून वाचून या. 'कास्विसहेर्नेकेइत्तो', म्हणजे शाकाहारी वाटाणा सूप, लिहिलंय का ते बघा आणि सुटा.

शाकाहारी_पुणेकर: मेनूवर 'एल', 'जी', 'एम' अशी अक्षरं असतात, साहेब. 'एल' बघून दूध नाही समजणारे कमी नाहीत. एल म्हणजे फक्त लॅक्टोज नसलेलं, दूध असू शकतं. 'जी' म्हणजे ग्लूटेन नसलेलं. दूधच नको असेल तर 'एम'. 'व्ही' कुठे शाकाहारी, कुठे व्हीगन. मेनूच्या तळाशी खुलासा असतो तो वाचावा लागतो. युरोपच्या नियमाने 14 ॲलर्जीकारक घटकांची माहिती द्यावीच लागते. त्यात अंडं आहे, पण मांस नाही आणि जिलेटिनही नाही. ते आम्ही विचारायचं नाही, तर कुणी?

एस्पोची_सून: जरूर विचारा. पण खरी ॲलर्जी असेल तर सराव बंद, सरळ इंग्रजी. शेंगदाण्याला 'मापॅह्किनॅ', बाकी सुक्यामेव्याला 'पॅह्किनॅ'. तिथे अर्धा शब्द गिळलात तर जिवावर बेतेल.

काल्लिओकर: अरे वा! म्हणजे महत्त्वाचं असलं की इंग्रजी, आणि मागच्याचा वेळ खायला फिनिश.

एस्पोची_सून: मागच्याचा वेळ, मागच्याचा वेळ! कुणी तुम्हाला रांगेचं कंत्राट दिलंय का?

ताम्पेरेतला_पांडू: भांडताय कशाला? हेलसिंकीत कित्येक ठिकाणी वेटरलाच फिनिश येत नाही, फिन लोकच त्यावरून कुरकुरतात. तिथे 'हटायचं नाही' म्हणजे बिचाऱ्याचा छळ. एकदा विचारा, 'वोइदान्को पुहुआ सुओमेआ?', म्हणजे फिनिशमध्ये बोलूया का? हो म्हणाला तर बोला, इंग्रजीतच उत्तर आलं तर विषय संपला. नेपाळी हॉटेलात मात्र उलटी गंमत: आपण हिंदीच्या तयारीने जावं, तर मालक शेजारच्या टेबलाशी झकास फिनिश बोलत असतो.

काल्लिओकर: ठीक आहे. उत्तरं तोंडपाठ असलेल्यांना साडेअकराचीही परवानगी देतो, जणू गल्ला माझ्या बापाचा आहे. पण पहिल्यांदा अडखळलात की इंग्रजी. आणि वाचनालयांत फुकट भाषा-कॅफे चालतात, तिथे हवं तेवढं अडखळा.

एस्पोची_सून: तिथे समोर बहुतेक आपल्यासारखेच शिकाऊ. पण उपकार मानते, सरकार.

शाकाहारी_पुणेकर: माझ्या जिलेटिनचं काय झालं? यूस्तोकाक्कु, म्हणजे चीजकेक, चालतो का नाही?

तुर्कूवाला: भाजलेल्यात अंडं असतं, न भाजता फ्रिजमध्ये घट्ट केलेल्यात बहुतेक वेळा लीवाते, म्हणजे तुमचं जिलेटिन. घ्या निवडून. विचारायचंच असेल तर 'ओन्को तॅस्सॅ लीवातेत्ता?' (यात जिलेटिन आहे का?), आणि ते दोननंतर, नाहीतर काल्लिओकर मागे उभे असतील.