ॲपच्या स्क्रीनची चाचणी: सगळ्या टेस्ट हिरव्या आल्या म्हणजे झालं का?

कृष्णाकाठ:

मी सांगलीतल्या एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टिंग बघते. आमचं ॲप अडत दुकानांसाठी आहे. आवक नोंदवायची, सौद्याचा दर टाकायचा, तोलाई-हमाली वजा करून शेतकऱ्याची पट्टी, म्हणजे हिशेबाची चिठ्ठी, काढायची. मोबाइलवर चालतं, ब्राउझरमध्येही चालतं. आता आमच्याकडे असं ठरू घातलंय की रिलीजआधी माणसाने स्क्रीन तपासणं बंद करायचं. ऑटोमेशनच्या, म्हणजे यंत्राने आपोआप चालवायच्या, सगळ्या टेस्ट हिरव्या (उत्तीर्ण; नापास ती लाल) आल्या की आवृत्ती बाहेर. माझा याला विरोध आहे. तो का, ते इथे मांडते. उलट मत असलेल्यांनी जरूर लिहा, कारण ऑफिसात ही चर्चा "वेळ किती वाचेल" याच्या पुढे जातच नाही.

स्क्रीन आपोआप चालवून बघणारी साधनं पुष्कळ आहेत. ब्राउझरसाठी सेलेनियम २००४ पासून आहे, मोबाइलसाठी ॲपियम आहे, २०२० मध्ये मायक्रोसॉफ्टचं प्लेराइट आलं. यांना आपण सांगतो, अमुक बटण शोध, दाब, मग तमुक मजकूर आला का बघ. हे बटण यंत्र डोळ्यांनी शोधत नाही, पानाच्या आतल्या रचनेतून उचलतं. बटण खाली दडलेलं असलं तर प्लेराइट स्वतःच स्क्रोल करून तिथे जातं. आता दुकानातला मुनीम बघा. साठीला आलेला, फोनमधली अक्षरं सगळ्यात मोठी करून ठेवलेली. अँड्रॉइड १४ मध्ये ती २०० टक्क्यांपर्यंत वाढवता येतात. अक्षरं वाढली की आमचं 'जतन करा' स्क्रीनच्या खाली जातं, आणि खाली अजून काही आहे याची कुठे खूण नसते. तो फॉर्म भरून थांबून राहतो. टेस्टला त्याचा पत्ता नाही.

'दिसतंय का' ही तपासणीही नीट समजून घ्यायला हवी. प्लेराइटच्या लेखी ज्या घटकाला काहीतरी आकार आहे आणि जो लपवलेला म्हणून नोंदलेला नाही, तो दिसतो. पूर्ण पारदर्शक करून टाकलेला घटकसुद्धा त्याच्या हिशेबी दिसणाराच.

मार्केट यार्डातल्या एका दुकानात मी स्वतः पाहिलेली गोष्ट सांगते. २ जीबी रॅमचा जुना फोन. मुनिमाने शेतकऱ्याचं नाव टाकलं, गाव टाकलं, पोती टाकली, वजन टाकलं. मग काट्याच्या चिठ्ठीचा फोटो काढायला ॲपमधूनच कॅमेरा उघडला. फोटो काढून परत आला तर फॉर्म कोरा. पुन्हा भरला, पुन्हा तेच. मग त्याने चिठ्ठीचा फोटो लावणंच सोडून दिलं, आणि पुढे वजनावरून वाद झाला तेव्हा दाखवायला काही नव्हतं. कारण साधं आहे. कॅमेऱ्याला मेमरी लागते, ती कमी पडली की अँड्रॉइड मागे गेलेलं ॲप मारून टाकतं, आणि आम्ही भरलेली माहिती मधल्या मध्ये जपून ठेवत नव्हतो. आमच्या टेस्ट चालतात त्या एमुलेटरला (संगणकावरच्या नकली फोनला) मेमरी भरपूर. तिथे हे कधी होणारच नाही.

म्हणून माझी मागणी एवढीच: ज्या स्क्रीनवर पैशाचा किंवा वजनाचा आकडा आहे, ती माणसाने, साध्या फोनवर, वापराच्या जागी बघितल्याशिवाय आवृत्ती बाहेर जाऊ नये.

विश्रामबागकर:

ताई, तळमळ पोचली, पण निष्कर्ष पटला नाही. मी पुण्यातल्या कंपनीचं ऑटोमेशनचं काम इथूनच, घरून करतो.

तुमचा कॅमेऱ्याचा दोष 'माणूसच हवा' हे सिद्ध करत नाही. ती टेस्ट कुणी लिहिली नव्हती, एवढंच त्यातून कळतं. ॲप मागे टाकायचं, एडीबीवरून (संगणकावरून फोनला आज्ञा देणाऱ्या साधनातून) त्याची प्रोसेस, म्हणजे चालू असलेलं ॲपच, मारायची, पुन्हा पुढे आणायचं आणि फॉर्म भरलेला आहे का ते बघायचं. दहा ओळींचं काम आहे. फोनच्या डेव्हलपर ऑप्शन्समधली 'डोन्ट कीप ॲक्टिव्हिटीज' (मागे गेलेली स्क्रीन ठेवू नको) ही सेटिंग पुष्कळांना माहीत असते, पण ती फक्त स्क्रीन नष्ट करते, प्रोसेस जिवंतच राहते. त्यामुळे तिच्यावर विसंबू नका. एकदा ही टेस्ट लिहिली की प्रत्येक बदलाला ती चालेल. तुमचा माणूस प्रत्येक आवृत्तीला २ जीबीचा फोन घेऊन यार्डात जाईल का? पहिले दोन महिने जाईल.

आता जरा हिशेब मांडा. मराठी आणि इंग्रजी, अक्षरांचे ३ आकार, उभा आणि आडवा फोन, अँड्रॉइडच्या ४ आवृत्त्या. एका स्क्रीनचे ४८ प्रकार झाले. २० स्क्रीन धरल्या तर ९६०. हे माणसाने बघायचं म्हटलं तर तो तिसऱ्या स्क्रीनपासून वरवर बघायला लागणार आणि शुक्रवारी संध्याकाळी सगळ्यांवर टिक मारून घरी जाणार. मी त्याला दोष देत नाही. डोळा थकतोच. खाली गेलेलं 'जतन करा' आणि कापलेली अक्षरं पकडायला स्क्रीनशॉट तुलना आहे. मोठ्या अक्षरांवर एकदा चित्र घ्या, पुढच्या वेळी फरक पडला की टेस्ट लाल.

आणि आधीच्या टेस्ट बेभरवशाच्या होत्या, काही न बदलता कधी हिरव्या, कधी लाल, हे कुणी सांगू नका. त्या तशा होत्या कारण लोक जिथे तिथे 'पाच सेकंद थांब' लिहीत होते. आताची साधनं बटण हलायचं थांबलं का, दाबण्याजोगं झालं का, याची स्वतः वाट बघतात.

गणपती पेठ:

मी अडत्या. वडलांच्या वेळेपासून हळदीचं दुकान हाय. तुमच्या टेस्टमधलं मला कळत न्हाई, पण ॲप वापरतो मी, म्हणून लिहितो.

सौदा चालू असतो तवा दर पुकारला की तिथंच टाकावा लागतो. हाताला हळद असती. समोर शेतकरी उभा असतो, मागं हमाल पोती ओढत असतात. मी वापरतो त्या ॲपात 'मंजूर' आन् 'रद्द' शेजारी शेजारी हाईत, दोन्ही सारख्याच निळ्या रंगाची. रद्द दाबलं गेलं की समदं पहिल्यापासनं. एकदा असं झालं की शेतकऱ्याला वाटतं, हा मुद्दाम दर बदलतोय. माझा शब्द जातो तिथं.

दुसरं म्हंजे ऐन हंगामात, मार्च महिन्यात, बटणांच्या जागा बदलल्या. आमच्या मुनिमाचं बोट सवयीनं जुन्या जागी जायचं. तुम्ही यंत्रानं तपासा न्हाईतर माणसानं, हळदीचा हंगाम संपेपर्यंत स्क्रीनला हात लावू नका. ही चाचणीच्याही आधीची गोष्ट हाय.

विश्रामबागकर:

काका, बटणाचा आकार आणि अंतर यंत्राला मोजता येतं. गूगल ४८ डीपी (अँड्रॉइडमधलं स्क्रीनवरच्या मापाचं एकक) सांगतं, ॲपल ४४ पॉइंट, आणि ऑक्टोबर २०२३ च्या डब्ल्यूसीएजी २.२ मध्ये (वेब पानं सगळ्यांना वापरता यावीत यासाठीच्या नियमांत) किमान २४ बाय २४ पिक्सेल आहे. हे नियम टेस्टमध्ये घातले की लहान बटण बाहेर जाणारच नाही.

कृष्णाकाठ:

आकार बरोबर असूनही काकांचा दर जाईल. दोन्ही बटणं ४८ डीपीची, दोन्ही नियमात बसणारी, आणि तरी 'रद्द' 'मंजूर'ला चिकटून. त्या दोघांनी शेजारी असू नये हे कळायला सौदा म्हणजे काय ते कळावं लागतं. ते कुठल्या नियमात लिहिणार?

स्क्रीनशॉट तुलनेचंही तेच. ती आजची स्क्रीन कालच्या स्क्रीनशी ताडते. काल चुकीची होती आणि आजही तशीच आहे, तर टेस्ट हिरवी. पहिलं चित्र 'बरोबर' म्हणून कुणी मंजूर केलं? माणसानेच. म्हणजे माझाच मुद्दा झाला, फक्त तो एकदाच बघणार आणि पुन्हा कधी नाही. शिवाय फाँट जरा बदलला की शेकडो चित्रं लाल होतात आणि टीम एका झटक्यात सगळी मंजूर करून मोकळी होते.

बेभरवशाच्या टेस्टचा प्रश्न फक्त 'पाच सेकंद थांब'चा नाही. गूगलने २०१६ मध्ये स्वतःच लिहिलं होतं की त्यांच्या जवळपास १६ टक्के टेस्ट काही ना काही प्रमाणात बेभरवशाच्या आहेत. साधनं तेव्हापासून सुधारली हे मान्य, पण तिथे एवढी माणसं असून ही गत, तर आमच्यासारख्यांकडे लाल टेस्ट आली की "पुन्हा चालव, होईल हिरवी" हीच सवय लागते.

मराठीचं तर वेगळंच आहे, आणि त्यावर कुणी बोलत नाही. 'शेतकऱ्याचे' हा शब्द संगणकात दोन प्रकारे लिहिला जातो. एकात स्वतंत्र ऱ असतो, दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि मध्ये एक न दिसणारं जोडचिन्ह. स्क्रीनवर दोन्ही अगदी सारखे. मजकूर ताडणारी टेस्ट मात्र त्यांना वेगळे शब्द समजते, म्हणजे स्क्रीन बरोबर असून टेस्ट लाल. याच्या उलट जास्त वाईट. सर्व्हरवरच्या एखाद्या कोडने 'नको असलेली अदृश्य चिन्हं' काढून टाकली की य वर रफार चढतो आणि पट्टीवर 'शेतकर्याचे' छापून येतं. टेस्टमधला अपेक्षित मजकूरही त्याच कोडमधून गेलेला असेल तर दोन्ही जुळतात. सगळं हिरवं. शाळेत गेलेल्या कुठल्याही माणसाला ते एका नजरेत खटकेल.

आकड्यांचंही बघा. मराठी कीबोर्ड ठेवणारा माणूस वजनात ४५० असं देवनागरीत टाकतो. ब्राउझरमधल्या जावास्क्रिप्ट या भाषेला तो आकडा वाटतच नाही. सर्व्हरवरच्या पायथनला मात्र चालतो, म्हणजे सर्व्हरला कळतं आणि ब्राउझरला कळत नाही. टेस्ट लिहिणारा इंग्रजी कीबोर्डवरून लिहितो, त्यामुळे ही गोष्ट त्याच्या टेस्टमध्ये येतच नाही. यंत्राला तेच सुचतं जे लिहिणाऱ्याला सुचलेलं असतं.

कुपवाडकर:

माझं मत दोघांच्याही विरोधात आहे. कुपवाड एमआयडीसीत माझी छोटी कंपनी आहे, कारखान्यांसाठी हिशेबाचं सॉफ्टवेअर करतो. आमच्यासारख्याने स्क्रीनच्या ऑटोमेशनच्या नादी लागूच नये. स्क्रीन दर महिन्याला बदलते, आणि बदलली की टेस्ट दुरुस्त करायला एक माणूस अडकतो. त्यापेक्षा हिशेबाच्या कोडची चाचणी खालच्या थरात करा. माइक कोन यांनी २००९ मध्ये मांडलेला टेस्टचा पिरॅमिड तेच सांगतो: खाली युनिट टेस्ट (कोडचा एकेक तुकडा तपासणाऱ्या) भरपूर, वर स्क्रीनच्या अगदी थोड्या. तोलाई, हमाली, वजावट हे गणित स्क्रीनशिवाय तपासता येतं. मग स्क्रीनवर उरतं ते माणसाने बघावं. त्यासाठी यार्डात जायचीही गरज नाही, ऑफिसात दोन जुने फोन ठेवले की पुरे.

मिरज जंक्शन:

मी दृष्टिहीन आहे, फोन टॉकबॅकवर, म्हणजे स्क्रीन वाचून दाखवणाऱ्या सोयीवर, वापरतो. कृष्णाकाठ ताई, तुमच्या लिखाणात 'एका नजरेत खटकेल' आहे. मला नजरेचा उपयोग नाही, म्हणून ऑटोमेशनच्या बाजूने थोडं लिहितो.

डोळ्यांनी तपासणारा माणूस माझ्या अडचणी जवळजवळ कधीच पकडत नाही. बटणावर सुंदर चित्र आहे, त्याला वाटतं छान. मला ऐकू येतं नुसतं 'बटण'. कशाचं बटण, ते नाही. यंत्र मात्र पानाची आतली रचना वाचतं, आणि माझा टॉकबॅकही तीच वाचतो. टेस्ट लिहिणाऱ्याने बटण त्याच्या नावाने शोधायची शिस्त पाळली, तर नाव नसलेल्या बटणावर टेस्ट तिथेच अडकते. माझ्यासाठी ही फार मोठी गोष्ट आहे. माणसांनी हात लावून तपासलेली कितीतरी ॲप मला वापरता येत नाहीत.

पण त्यालाही मर्यादा आहे. नाव आहे का, हे यंत्र सांगतं. नाव बरोबर आहे का, हे सांगत नाही. एका ॲपमध्ये पैसे पाठवण्याच्या बटणाचं नाव 'आयकॉन ७' होतं. तपासणीत ते उत्तीर्णच झालं असणार, नाव तर होतं. तेव्हा माणूस हवाच असेल, तर आमच्यातला एखादा बोलवा, आणि त्याचे पैसे द्या.

कृष्णाकाठ:

दादा, हे मला पूर्ण पटलं. माझ्या मागणीत 'माणसाने बघितल्याशिवाय' असं आहे, ते 'वापरणाऱ्या माणसाने वापरल्याशिवाय' असं व्हायला हवं, आणि त्यात टॉकबॅकवाला धरलेलाच असेल.

कुपवाडकर सर, ऑफिसातल्या जुन्या फोनने कॅमेऱ्याचा दोष सापडेल. पण काकांचं 'रद्द' नाही सापडणार. ऑफिसात हाताला हळद नसते, मागे हमाल नसतात, आणि चुकलं तर कुणाचा शब्द जात नाही.

विश्रामबागकर:

माणूस नकोच असं मी म्हटलेलंच नाही. माझा आक्षेप त्याला दारावर उभं करण्याला आहे. समजा पट्टीत वजावट चुकतेय, दुरुस्ती तयार आहे, आणि तुमचा माणूस यार्डात पोचायला चार दिवस लागणार. तोवर शेतकऱ्यांना चुकीच्या पट्ट्या जात राहतील. त्याला उत्तर काय? माणसाचं निरीक्षण वर्षभर चालू द्या, त्यातून निघालेली प्रत्येक गोष्ट टेस्टमध्ये आणा, पण आवृत्ती अडवायचा हक्क टेस्टलाच राहू द्या.

कृष्णाकाठ:

दुरुस्तीत स्क्रीनला हात लागला नसेल तर जाऊ द्या, माझी हरकत नाही. बटण हललं, शब्द बदलला, नवा रकाना आला, तर थांबायचं. तातडीच्या दुरुस्तीत स्क्रीन बदलायचं कारणच काय? आणि टेस्ट अडवू शकते ते फक्त तिला माहीत असलेलं. हक्क तिला एकटीला द्यायला मी तयार नाही.

गणपती पेठ:

ताई, तुमाला दुकानात येऊन बघायचं असंल तर या. फक्त सौदे चालू असताना नको, गर्दीत तुमच्याशी बोलायला कुणाला सवड न्हाई. दुपारी निवांत या, मुनीम समदं दावील.

कृष्णाकाठ:

काका, दुपारी मुनीम मला सगळं नीट करूनच दाखवतील. मला सौद्याच्या वेळेलाच यायचंय. कुणाशी बोलणार नाही, काही विचारणार नाही, वाटेत येणार नाही. काट्यापाशी उभी राहून फक्त बोट कुठे जातं ते बघेन आणि लिहून घेईन.

गणपती पेठ:

मग हरकत न्हाई. फक्त मार्चच्या आधी या, म्हंजे बदलायचं ते हंगामाच्या जोराआधी बदलून होईल.

विश्रामबागकर:

जाल तेव्हा फोनची मॉडेल, अँड्रॉइडची आवृत्ती आणि अक्षरांचा आकार हेही लिहून आणा आणि इथे टाका. त्यावरच्या टेस्ट मी लिहून देतो. दारावर कोण उभं राहणार यावर आपलं अजून जमलेलं नाही.