मदत हवी आहे: आई मोबिलिटी स्कूटरवरून उठली की टोमणे

आईला संधिवात आहे. चार पावलं चालते, पुढे गुडघे साथ सोडतात, म्हणून बाहेर मोबिलिटी स्कूटर, म्हणजे बसून चालवायची बॅटरीवरची छोटी गाडी, वापरते. दुकानात वरच्या फळीवरचं काही घ्यायला उठली की मागून हमखास येतं, "चालता येतंय की!" वेगाचं बटण कासवाच्या चित्रावर असलं तरी "जरा हळू!" ऐकावं लागतं. आणि चौकशी तिची, पण विचारतात मला. जणू ती तिथे नाहीच.

हसून सोडून दिलं, आजार समजावूनही पाहिला. वर फुकटचे सल्ले मिळाले. व्हीलचेअर सुचवू नका, चाकं ढकलायला खांदे साथ देत नाहीत. आता अनोळखी लोकांना आजार सांगणं तिला नकोय.

स्वतः स्कूटर वापरणाऱ्यांनी सांगा: अशा वेळी तुम्ही नेमकं काय बोलता? आणि प्रश्न मला आला तर मी गप्प राहू की तिच्याकडे वळवू?