आल्प्समध्ये आठवडाभर सायकल: डोलोमाइट्स की फ्रेंच आल्प्स, आणि मुंबईत राहून तयारी कशी करावी?

मुलुंडकर (प्रश्न)

नमस्कार. मुलुंड-ठाणे परिसरातील आम्ही चौघे सायकलस्वार पुढील वर्षी आल्प्समध्ये रोड सायकलने आठवडाभर फिरण्याच्या विचारात आहोत. वये पंचेचाळीस ते पंचावन्न. येऊर आणि खारघरची टेकडी हा नेहमीचा सराव असून, हिवाळ्यात खोपोलीहून शिंग्रोबामार्गे बोरघाट चढणे किंवा पोलादपूरहून अंबेनळी घाटाने महाबळेश्वर गाठणे चौघांनाही जमते. शर्यतीत कोणालाच रस नाही. मात्र टूर द फ्रान्स आणि जिरो द'इटालिया या फ्रान्स व इटलीतील मोठ्या सायकल शर्यतींमुळे ज्या घाटांची नावे वर्षानुवर्षे कानांवर पडत आली, त्यांपैकी दोन-तीन तरी स्वतःच्या पायांनी चढावेत, अशी इच्छा आहे.

रोज मुक्काम हलवणे आम्हाला नको आहे. एका गावात खोल्या घ्याव्यात, सकाळी निघावे आणि संध्याकाळी तिथेच परतावे, असा बेत आहे. अशा दृष्टीने कोणता प्रदेश निवडावा, जूनमध्ये जावे की सप्टेंबरमध्ये, आणि इथल्या सरावात काय बदल करावा, याविषयी जाणकारांनी मार्गदर्शन करावे. आमच्यातील एकाचे ठाम मत आहे की, ट्रकचा धूर खात आपले घाट चढणाऱ्याला तिकडचे मोकळ्या हवेतले घाट जड जाऊ नयेत. हे कितपत खरे आहे?

दस्तुरी नाका

आपल्या मित्राच्या मतापासूनच सुरुवात करतो, कारण पुढचे सारे नियोजन त्यावर अवलंबून आहे. चढाच्या तीव्रतेचा प्रश्न असेल, तर त्यांचे म्हणणे बरोबर आहे. नेरळहून दस्तुरी नाक्यापर्यंतचा सात-आठ किलोमीटरचा रस्ता आल्प द्युएझच्या तुलनेत मुळीच सौम्य नाही. फरक आहे तो लांबीचा. आल्प द्युएझ १३.८ किमी लांब असून त्याचा सरासरी चढ सुमारे ८ टक्के (म्हणजे शंभर मीटर अंतराला आठ मीटर उंची) आहे. इटलीतील स्टेल्व्हिओ खिंड पायथ्याच्या प्रातो गावाच्या बाजूने २४ किमी लांब असून त्या अंतरात ४८ वळणे आणि सुमारे १८०० मीटर चढ आहे. ताशी आठ किमी हा आपल्यासारख्यांचा अशा चढावरचा प्रामाणिक वेग धरला, तर पहिल्याला पावणेदोन तास आणि दुसऱ्याला तीन तास लागतात, आणि तेवढा सगळा वेळ पायांना उसंत मिळत नाही. अंबेनळी चाळीसेक किलोमीटर लांब आहे खरा, पण त्याचा सरासरी चढ तीन टक्क्यांच्या आसपास भरतो. थोडक्यात, अंबेनळीत लांबी मिळते आणि नेरळला तीव्रता मिळते. दोन्ही एकत्र देणारा रस्ता मुंबईच्या आसपास नाही.

म्हणून पहिला बदल गिअरमध्ये करावा. पुढे ३४ दात्यांची चेनरिंग (पेडलजवळचे दातेरी चक्र) आणि मागे २८ दात्यांची कॅसेट (मागच्या चाकावरील दातेरी चक्रांचा संच; आकडा सर्वांत मोठ्या चक्राचा) असेल, तर ताशी आठ किमी वेगाला पेडलचे मिनिटाला जेमतेम ५२ फेरे होतात आणि प्रत्येक फेऱ्याचा भार गुडघ्यावर येतो. मागे ३४ दाते असतील, तर त्याच वेगाला ६३ फेरे पडतात. बोरघाटात हा फरक जाणवणारही नाही, पण दुसऱ्या तासाला तो ढळढळीत जाणवतो. सराव करताना एकाच घाटाच्या दोन-तीन फेऱ्या मारण्याची आपली पद्धतही इथे अपुरी पडते, कारण प्रत्येक उतारावर विश्रांती मिळते. त्याऐवजी घरातल्या ट्रेनरवर (सायकल जागच्या जागी चालवण्याच्या साधनावर), बोलता येईल इतपत जोर लावून, दीड तास न थांबता पेडल मारण्याचा कंटाळवाणा प्रकार अंगवळणी पाडावा.

महिन्याबाबत माझे स्पष्ट मत जूनच्या उत्तरार्धाच्या बाजूने आहे, आणि त्याचे कारण तिकडच्याइतकेच इकडच्या हवामानात आहे. सप्टेंबर तिथे सुंदर असतो, गर्दीही ओसरलेली असते. परंतु सप्टेंबरमध्ये जाणारा मुंबईकर जुलै-ऑगस्टचा पावसाळा घरात काढून विमानात बसतो. शेवाळलेल्या, धुक्याने भरलेल्या घाटांत त्या दिवसांत लांबचा सराव करू नये आणि वरंध घाटासारखे रस्ते तर पावसाळ्यात अनेकदा बंदच असतात. याउलट नोव्हेंबरपासून मेपर्यंत पाय तयार करून, इथे पाऊस स्थिरावत असताना निघालात, तर केलेली मेहनत वाया जात नाही. शिवाय त्या सुमारास तिथे रात्री नऊनंतरही उजेड असतो.

प्रदेश विचाराल, तर इटलीतील डोलोमाइट्स, आणि गाव कोर्व्हारा. सेल्ला पर्वताभोवती कांपोलोंगो (१८७५ मी.), पोर्दोई (२२३९ मी.), सेल्ला आणि गार्देना (२१२१ मी.) या चार खिंडींना जोडणारा वर्तुळाकार रस्ता कोर्व्हारातूनच जातो. अंतर सुमारे ५५ किमी. घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने गेल्यास कांपोलोंगोचा छोटा चढ पाय मोकळे करून देतो आणि मग अराब्बाहून पोर्दोईची तेहेतीस वळणे सुरू होतात, ९.२ किमी, सरासरी सात टक्क्यांच्या आतबाहेर. एकही चढ दहा किलोमीटरचा नाही आणि प्रत्येक चढानंतर उतार आहे, म्हणजे आपल्या पायांना जी सवय आहे तीच इथे कामी येते. दिवसाचा एकूण चढ मात्र सतराशे मीटरच्या पुढे जातो, हे विसरू नये. चौथ्या-पाचव्या दिवशी अंगात बळ उरले असेल, तर जाउ खिंड आहे: सेल्वा दि कादोरेहून दहा किमी, ९.३ टक्के. तिथे सरासरीच इतकी असल्याने चढ कमी होईल या आशेवर कोणी राहू नये.

पार्लेकर

वरील प्रतिसादातील सरावाचा भाग मला पूर्णपणे मान्य आहे, पण निष्कर्षाशी मी सहमत नाही. प्रश्नकर्त्यांची इच्छा नाव असलेले घाट चढण्याची आहे आणि एकाच मुक्कामातून ती पुरी करायची असेल, तर फ्रान्समधील बूर द्वाझाँसारखे गाव नाही. हे गाव स्वतः ७२० मीटर उंचीवर, सपाट खोऱ्यात आहे. गावाबाहेर पडल्यावर लगेच आल्प द्युएझचा पायथा येतो. तेथील एकवीस वळणांचे क्रमांक खालून वर उतरत जातात आणि पाट्यांवर टूरमधील विजेत्यांची नावे असतात. १९५२ साली टूर प्रथमच या घाटावर गेली, तेव्हा इटलीचा सायकलपटू फाउस्तो कोप्पी जिंकला होता. सर्वांत तीव्र चढ पहिल्याच दोन किलोमीटरमध्ये आहे. तिथे उत्साहाच्या भरात जोर लावणारे वरच्या वळणांवर सायकलला टेकून उभे असलेले दिसतात.

त्याच गावातून लोतारे खिंडीमार्गे गालिबिए (२६४२ मी.) गाठता येते. लोतारेपर्यंतचा चढ लांब पण सुसह्य आहे आणि तिथून पुढचे साडेआठ किलोमीटर सात टक्क्यांच्या जवळ जातात. जूनमध्ये माथ्याजवळ रस्त्याच्या दोन्ही अंगांना बर्फ कापून केलेल्या भिंती असू शकतात. या रस्त्यावर बोगदे आहेत. पुढचे आणि मागचे असे दोन्ही दिवे लावल्याशिवाय त्यांत शिरू नये. तिसऱ्या दिशेला क्र्वा द फेर (२०६७ मी.) आहे, आणि पाय थकलेल्या दिवसासाठी ओर्नोंचा सौम्य चढ आहे.

आणखी एक सोय फ्रान्सच्या बाजूने सांगण्यासारखी आहे. प्रसिद्ध घाटांवर दर किलोमीटरला सायकलस्वारांसाठी दगड किंवा पाटी असते. माथा किती दूर आहे, आपण किती उंचीवर आहोत आणि पुढच्या किलोमीटरचा सरासरी चढ किती, हे तीवर लिहिलेले असते. मनाला याचा आधार किती होतो, हे पुढचे वळण शेवटचे असावे अशी आशा धरत माथेरान चढलेल्यांना सांगायला नको. डोलोमाइट्स दिसायला अधिक देखणे आहेत, हे मी नाकारत नाही. पण जुलै-ऑगस्टमध्ये तिथल्या खिंडींत मोटारसायकली आणि बस यांची जी रांग लागते, ती पाहून शनिवारचा लोणावळा आठवतो.

निघण्यापूर्वी स्थानिक प्रशासनाच्या संकेतस्थळावर रस्त्यांची स्थिती अवश्य पाहावी. २०२४ च्या जूनमध्ये याच भागातील ला बेरार्द ही वस्ती पुरात उद्ध्वस्त झाली. डोंगर आपले असोत वा त्यांचे, दरडी कोसळतातच.

मुलुंडकर

दोघांचेही मनःपूर्वक आभार. गर्दीचा मुद्दा जूनला फारसा लागू होणार नाही असे वाटते आणि छोटे चढ व मध्ये उतार हे गणित आम्हाला अधिक मानवेल. त्यामुळे आमचा कौल बहुधा कोर्व्हाराकडे जाईल. दोन शंका उरतात. स्टेल्व्हिओ पूर्णपणे सोडून देणे चौघांच्याही जिवावर येते आहे. तो कोर्व्हाराहून एका दिवसात साधेल का? आणि सायकली इथून न्याव्यात की तिथे भाड्याने घ्याव्यात? आमच्यापैकी दोघे शाकाहारी आहेत, हेही जाता जाता नमूद करतो.

दस्तुरी नाका

एका दिवसात साधणार नाही. दिवसाचा मोठा भाग गाडीत जाईल आणि उरलेल्या वेळात तीन तासांचा चढ घाईने उरकावा लागेल. एक मुक्काम हलवण्याची तयारी ठेवून शेवटच्या दोन रात्री प्रातोजवळ काढाव्यात. मेरानोहून जाणारी रेल्वे प्रातोच्या अगदी जवळच्या स्थानकावर थांबते. चढाई पहाटे लवकर सुरू करावी, कारण उन्हाळ्यात दुपारनंतर वादळी पाऊस येण्याचा संभव असतो. प्रातो सुमारे ९०० मीटरवर आहे आणि माथा २७५७ मीटरवर, म्हणजे माथ्यावरचे तापमान पायथ्यापेक्षा साधारण बारा अंशांनी कमी असते. घामाने भिजलेल्या जर्सीवर तसेच उतरायला लागल्यास बोटे इतकी गारठतात की ब्रेक दाबणे कठीण होते. वाऱ्याचे जाकीट आणि पूर्ण बोटांचे हातमोजे खिशात हवेतच, मग पायथ्याशी कितीही ऊन असो. आपल्याकडे कळसूबाईचे शिखरदेखील १६४६ मीटरच आहे. त्यामुळे दोन हजारांच्या वर धाप लवकर लागली, तर घाबरून न जाता वेग कमी करावा.

शाकाहारींची आबाळ होत नाही. पास्ता, पोलेन्ता (मक्याच्या पिठाचा शिजवलेला पदार्थ), चीज आणि कासुन्झिएई (बीट भरलेला पास्ता) ही पक्वान्ने तिकडच्या डोंगरातल्या उपाहारगृहांत मिळतात. खिशात ठेवायला चिक्की, खजूर आणि राजगिऱ्याचे लाडू न्यावेत. पेढे-बर्फी मात्र घरीच ठेवावी, कारण युरोपीय संघात प्रवाशांना बाहेरून दुधाचे पदार्थ आणण्यास मनाई आहे.

गिअरवाला

सायकलबद्दल लिहितो. स्वतःची सायकल न्यायची असेल, तर जाताना विमानतळावर सीमाशुल्क विभागाकडून तिच्या नोंदीचे निर्यात प्रमाणपत्र घ्यावे, म्हणजे परतताना ती नवी विकत आणली आहे का, हा वाद उद्भवत नाही. चौघांची खोकी विमान, रेल्वे आणि बस यांतून हलवण्याचा खटाटोप पाहता मी भाड्याच्या सायकलीच सुचवीन.

तसे केल्यास एक गोष्ट आधीच ठरवून टाकावी. आपल्याकडे पुढचा ब्रेक बहुधा उजव्या हाताला असतो. युरोपच्या मुख्य भूमीवर तो डाव्या हाताला असतो. मागचा ब्रेक समजून उतारावरच्या वळणात पुढचा करकचून दाबला गेला, तर काय होईल हे सांगण्याची गरज नाही. ब्रेक उलटे बसवून द्यावेत, असे दुकानाला आरक्षणाच्या वेळीच लेखी कळवावे; हायड्रॉलिक डिस्क ब्रेकमध्ये हे काम ऐनवेळी पाच मिनिटांत होणारे नाही. तेवढी सोय झाली नाही, तर पहिला दिवस सपाट रस्त्यावर काढून हातांना नवी सवय लावावी आणि मगच खिंडीकडे वळावे.

वाहतूक उजव्या बाजूने चालते, हे सायकल चालवत असताना सहसा लक्षात राहते. चूक होते ती कॉफीसाठी थांबून पुन्हा निघताना, रिकाम्या रस्त्यावर. तेव्हा हँडल आपोआप डावीकडे वळते. चौघे एकत्र असल्याने निघताना पुढच्याने मोठ्याने "उजवीकडे" म्हणावे, असा नियमच करून टाकावा. उतारावर सतत ब्रेक धरून ठेवू नये. वळणाच्या आधी दोन्ही ब्रेक नेटाने दाबून वेग कमी करावा आणि वळणात सोडून द्यावेत. रिम ब्रेकची (चाकाच्या कडेवर दाबणाऱ्या ब्रेकची) सायकल मिळत असेल, तर कार्बनची चाके घेऊ नयेत, कारण लांब उतारावर ती तापतात.

आरक्षणात आपल्या सध्याच्या सायकलवरील सॅडलची उंची सेंटिमीटरमध्ये कळवावी, ३४ दात्यांची कॅसेट आहे का ते विचारावे आणि पेडल स्वतःची न्यावीत. जुलैच्या पहिल्या रविवारी कोर्व्हारा परिसरात माराटोना ही मोठी सायकल स्पर्धा असते, तेव्हा त्याच्या आधीच्या आठवड्यात खोल्या आणि सायकली दोन्ही मिळणे अवघड होते. आपला मुक्काम २० जूनच्या आसपास संपेल असे पाहावे.