ओझूंचं सिंहावलोकन: फक्त ३५ मिमी प्रिंट की डीसीपीही चालेल?

तिसरी_घंटा
जपानी दिग्दर्शक यासुजिरो ओझूंच्या चित्रपटांचं सिंहावलोकन भरवायचं तर ३५ मिमी प्रिंटवरच भरवावं, असं माझं ठाम मत आहे. ज्या स्कॅनवरून डीसीपी (थिएटरमध्ये डिजिटल प्रोजेक्टरवर चालणारी फाइल) बनते, त्याच स्कॅनची ब्लू-रे घरात बघता येते. मग प्रेक्षकाने थिएटरपर्यंत यायचं कशाला? 'बान्शुन' (१९४९) मधला तो रात्रीचा प्रसंग घ्या. फुलदाणी, मागे शोजीवर (कागदी सरकत्या दारावर) हलणाऱ्या बांबूच्या सावल्या. त्या करड्या छटा चांगल्या कृष्णधवल प्रिंटवर जशा उतरतात तशा डिजिटल प्रोजेक्टरच्या फिकट काळ्यात उतरत नाहीत.

रंगपट
साफ असहमत. ओझूंचे शेवटचे सहा चित्रपट रंगीत आहेत. 'हिगानबाना' (१९५८) आग्फा कंपनीच्या फिल्मवर काढला, कारण त्यांना लाल रंग हवा तसा तिथे मिळत होता. जुन्या रंगीत प्रिंटमधला निळसर-हिरवा रंग आधी उडतो आणि अख्खी चौकट गुलाबी पडते. मग जमिनीवरची ती लाल किटली उठून दिसणार कशी? ओझूंच्या स्टुडिओने, शोचिकूने, २०१३ मध्ये डिजिटल पुनर्संस्करण केलं ते याचसाठी. 'टोकियो मोनोगातारी'ची (१९५३) तर मूळ निगेटिव्हच आगीत गेली. आज हाती येणारी प्रिंट म्हणजे प्रतीची प्रत. तिला 'अस्सल' म्हणणं मला पटत नाही.

तिसरी_घंटा
रंगीत चित्रपटांपुरतं मान्य, तिथे डीसीपी लावा. पण तेवढ्यासाठी कृष्णधवलही का सोडायचे? जपान फाउंडेशनकडे सबटायटल असलेल्या प्रिंट आहेत, त्या मागवा.

बूथमधून
प्रिंट मागवाल, पण चालवणार कशावर? 'टोकियो मोनोगातारी' १३६ मिनिटांचा. मिनिटाला ९० फूट धरले तर १२,२४० फूट, म्हणजे २,००० फुटांची सात रिळं. प्लॅटरवर (अख्खा चित्रपट सलग चालवणाऱ्या आडव्या तबकडीवर) चढवायची तर रिळांची टोकं कापून जोडावी लागतात, आणि अभिलेखागारं तशी परवानगी देत नाहीत. दोन प्रोजेक्टर आणि चेंजओव्हर (रीळ संपताच दुसऱ्या प्रोजेक्टरवर जाणं) जमणारा ऑपरेटर, दोन्ही हवेत. प्रिंट आली की आधी रिवाइंड टेबलावर हातमोजे घालून प्रत्येक जोड आणि छिद्रं तपासा. फिल्म आकसली असेल तर प्रोजेक्टरच्या दातऱ्यांवर कडेची छिद्रं फाटतात. अशी प्रिंट लावूच नका.

पण याहून मोठा घोळ मास्किंगचा (पडद्यावरची चौकट आखण्याचा) होतो, आणि तो प्रिंट आणि डीसीपी दोन्हींत होतो. ओझू अखेरपर्यंत १.३७ या चौकटीवरच (रुंदी उंचीच्या १.३७ पट) राहिले. हॉलच्या प्रोजेक्टरमध्ये चौकट ठरवणारी १.८५ ची प्लेट बसवलेली असली तर उंचीचा चौथा हिस्सा जातो. कॅमेरा जमिनीलगत, वर डोकी, खाली तातामी (जमिनीवरच्या चटया): सगळी रचना उंच चौकटीत बांधलेली. डोकी कापली जातात, ऑपरेटर फ्रेमिंग खाली घेतो आणि सबटायटल गायब होतात. १.३७ ची प्लेट आणि तिला जुळणारी लेन्स, दोन्ही बदलायला हवीत.

रंगपट
अगदी बरोबर. डीसीपीतही फ्लॅट (१.८५ ची) चौकट १९९८×१०८० असते, त्यात चित्र जेमतेम १४८०×१०८०. बाजूंचे पडदे आत ओढले नाहीत तर करड्या पट्ट्या दिसत राहतात. कुणी 'पडदा भरावा' म्हणून झूम केलं की पुन्हा तेच, डोकी गेली.

बूथमधून
आणि केडीएमची (डीसीपी उघडणाऱ्या डिजिटल किल्लीची) वेळ नीट बघून घ्या. किल्ली खेळाच्या दिवशीच उघडणारी असेल तर आदल्या रात्री चाचणी घेता येत नाही. निदान दोन दिवस आधीपासूनची मागा आणि सर्व्हरचं प्रमाणपत्र बरोबर त्याच हॉलचं पाठवा.

तिसरी_घंटा
मग 'बान्शुन' तरी प्रिंटवर ठेवा, आणि प्रत्येक खेळाच्या तपशिलात प्रिंट की डीसीपी हे छापा. तिकीट काढणाऱ्याला ते आधी कळलंच पाहिजे.