नलि-कली आपल्याच राज्यातली
ज्ञानरचनावाद, म्हणजे मुलानं स्वतः करून शिकायची पद्धत, महाराष्ट्रातून आला, कर्नाटकातल्या शाळांना तो झेपणार नाही, असं काही जण म्हणतात. हे पटत नाही. नलि-कली, म्हणजे आनंदानं शिकायची ही कन्नड नावाची पद्धत, इथलीच. 1995 मध्ये म्हैसूर जिल्ह्यातल्या हेग्गडदेवनकोटे तालुक्यात युनिसेफच्या मदतीनं ती सुरू झाली. आंध्रातल्या ऋषी व्हॅली संस्थेच्या शाळा बघून आलेल्या सरकारी शिक्षकांनीच ती बसवली, वरून आदेश आला म्हणून नव्हे. पुस्तकाचे छोटे टप्पे पाडायचे, प्रत्येक टप्प्याला कार्ड आणि चित्राची खूण, सगळे टप्पे भिंतीवरच्या शिडीवर, म्हणजे पायऱ्यांच्या तक्त्यावर.

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरच्या जंगलाकडच्या वाड्यांत एकाच गुरुजींकडे दोन-तीन वर्ग असतात, तिथं तर ती हवीच. आमच्या मराठी शाळेत भातसुगीला पोरं आठ-आठ दिवस येत नाहीत. पूर्वी परत आलेलं पोर मागच्या बाकावर गप्प बसायचं, कारण धडा पुढं गेलेला असायचा. शिडी लावल्यापासून ते सरळ भिंतीशी जातं, आपल्या खुणेवर बोट ठेवतं, डब्यातून राहिलेलं कार्ड काढतं आणि पुढच्या टप्प्यावरच्या पोराशेजारी जाऊन बसतं. अडलं तर आधी त्यालाच विचारतं. कार्डं मात्र स्थानिक हवीत, आमची आम्ही हातानं लिहिलीत, भात, काजू, एस्टी, आठवड्याचा बाजार घालून.