मदत हवी आहे: मोग सिंथेसायझरवर बाख वाजवतोय, पण जीव येत नाहीये

नमस्कार मंडळी, वेंडी कार्लोस यांचा १९६८ चा, मोगवर बाखच्या रचना वाजवलेला अल्बम 'स्विच्ड-ऑन बाख' गेले दोन महिने रोज ऐकतोय आणि आता कॉम्प्युटरवर सॉफ्टवेअर मोग घेऊन बाखची एफ मेजरमधली टू-पार्ट इन्व्हेन्शन (दोन स्वतंत्र ओळींची छोटी रचना) करून बघतोय. त्यांचा मोग एका वेळी एकच सूर वाजवायचा, कॉर्ड नाहीच, म्हणून त्यांनी प्रत्येक ओळ वेगळी वाजवून आठ ट्रॅकच्या टेपवर बसवली, त्यात ऑसिलेटर (सूर तयार करणारे भाग) सारखे उतरायचे-चढायचे म्हणजे थोडं वाजवा, थांबा, परत ट्यून करा. केवढा धीर असेल!

मीपण उजव्या-डाव्या हाताची ओळ वेगवेगळी रेकॉर्ड केली, नोट्स सगळ्या बरोबर, लय पक्की, तरी ऐकताना एकदम सपाट वाटतं. त्यांचा एकेक सूर श्वास घेऊन आल्यासारखा येतो.

क्वांटाइझ केलंय (नोट्स सॉफ्टवेअरने अगदी ठोक्यावर बसवल्यात) ते काढून टाकू का? फिल्टरचा एन्व्हलप (प्रत्येक सूर कसा उजळतो आणि मंदावतो ते) प्रत्येक फ्रेजला बदलायचा असतो का एकदा सेट करून सोडायचा? त्यांच्याकडे बोटांचा जोर ओळखणारा खास बनवून घेतलेला कीबोर्ड होता, माझ्या साध्या कीबोर्डला जोर कळतच नाही, खरा फरक तिथेच पडतोय का? आणि दोन ओळींना अगदी वेगळे आवाज द्यावेत की जवळचे, मला तरी वेगळे दिल्यावर दोघींचं बोलणं जास्त स्पष्ट ऐकू येतं.

पुढे जपानी सिंथेसायझर-वादक इसाओ टोमितांनी १९७४ मध्ये केलं तसं फ्रेंच संगीतकार डेबुसीच्या रचनांकडे जायचंय पण आधी हे नीट जमू दे. कुणी हे केलं असेल तर प्लीज सांगा, क्लिप टाकतो.